कराची ते मुंबई : जे. आर. डी. टाटा ह्यांचे चरित्र

भूगोलाच्या पुस्तकात दोन शहरांमधील अंतर मैलांत अथवा किलोमीटरांत दिलेले असते. ते पाठ केले म्हणजे परीक्षेपुरते काम भागते. परंतु घरून निघालेल्या माणसास आणि घरी वाट पाहणाऱ्या माणसास मैलांशी फारसे कर्तव्य नसते. पोहोचण्यास किती अवधी लागेल एवढेच त्यांस जाणून घ्यावयाचे असते. आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील लोकांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको. पिढ्यानपिढ्या येथील कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईस चाकरीस जात आले. मुंबई जेथे होती तेथेच आहे आणि आमची बंदरेही जागची हललेली नाहीत. तथापि आगबोटींच्या काळी पावसाळा सुरू झाला की बंदरे बंद पडत आणि मुंबई एकाएकी दूर जाई. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला म्हणजे ती हळूहळू पुन्हा जवळ येई. म्हणजे अंतर तेच राहून अवधी मात्र बदलत असे.

ह्या अवधीचे गणित भारतात ज्यांनी आपल्या हातांनी बदलून दाखविले, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांचे चरित्र आम्ही ह्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. सर्व देश त्यांस जे. आर. डी. ह्या तीन अक्षरांनी ओळखतो. पोलाद, रसायने, मोटारी, वीज इत्यादी मोठमोठ्या उद्योगांचे ते अर्धशतकाहून अधिक काळ धुरीण होते. त्या सर्वांचा वृत्तान्त येथे देऊ म्हटले तर हा अंक पुरावयाचा नाही. म्हणून दूरच्या दोन शहरांमधील टपाल आणि माणसे ठरल्या वेळी पोहोचविण्याच्या त्यांच्या एका कार्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. स्वतः जे. आर. डी. ह्यांसही आपल्या सर्व कामांत हेच काम अधिक प्रिय होते.

त्यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे सुप्रसिद्ध जमशेटजी टाटा ह्यांचे आप्त व त्यांच्या व्यापारातील भागीदार होते. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. विवाहानंतर तिने सूनी हे नाव घेतले. वडिलांच्या व्यवसायामुळे ह्या कुटुंबाचे बिऱ्हाड कधी फ्रान्सात, कधी मुंबईस तर कधी जपानात असे. त्यामुळे मुलांच्या शाळा वारंवार बदलत आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाण्यास आगबोटीवर आठवडेच्या आठवडे घालवावे लागत. लांबचा प्रवास म्हणजे काय, हे जे. आर. डी. असे बालपणीच शिकले.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलो नावाचे एक गाव आहे. तेथे टाटा कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. त्याच गावी लुई ब्लेरिओ ह्या वैमानिकाचेही घर होते. हाच तो ब्लेरिओ, की ज्याने 25 जुलै 1909 रोजी फ्रान्स आणि इंग्लंड ह्यांमधील खाडी विमानाने प्रथम ओलांडली. ती खाडी त्याने सुमारे 37 मिनिटांत पार केली. आर्दलोच्या वाळूवर उतरणारी विमाने लहानगा जहांगीर डोळे भरून पाहत असे. पुढे पंधराव्या वर्षी तेथेच त्यास विमानात बसून थोडा वेळ आकाशात फिरून येण्याची संधी मिळाली, आणि आपण वैमानिक व्हावयाचे असा त्याने त्या वेळीच मनाशी निश्चय केला.

परंतु निश्चय करणे आणि तो सिद्धीस जाणे ह्यांमध्ये दहा वर्षे गेली. आई 1923 साली वारली. फ्रान्सचे नागरिक असल्यामुळे त्यांस सक्तीची लष्करी नोकरी करावी लागली. त्यानंतर केंब्रिज विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकावे अशी त्यांची उत्कट इच्छा होती; परंतु 1925 साली वडिलांनी त्यांस मुंबईस बोलावून घेतले व टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून कामास लाविले. पुढच्याच वर्षी वडीलही निवर्तले. बावीस वर्षांच्या ह्या तरुणावर धाकट्या भावंडांचा भार पडला. विद्यापीठाचे शिक्षण हुकले ते कायमचेच, आणि त्याची खंत त्यांस जन्मभर राहिली. मात्र खंत करीत ते स्वस्थ बसले नाहीत. कामाचे पुस्तकी ज्ञान त्यांनी कचेरीच्या वेळेनंतर आपले आपण वाचून मिळविले. घरच्या परिस्थितीमुळे ज्या विद्यार्थ्यांस पुढील शिक्षण सोडावे लागते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

1928 साली मुंबईस वैमानिक शिक्षणाची मंडळी स्थापन झाली आणि जुहू येथे विमाने उतरू लागली. जे. आर. डी. तेथे तत्काळ दाखल झाले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांस विमान चालविण्याचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. पुढे अनेक मानसन्मान त्यांच्याकडे चालून आले, तरी ह्या लहानशा परवान्याचा त्यांस वाटणारा अभिमान कधी उणावला नाही.

त्यानंतर एकाच वर्षाने त्यांच्या स्वभावाची परीक्षा पाहणारा प्रसंग आला. इंग्लंड व भारत ह्यांमधील प्रवास एका महिन्याच्या आत एकट्याने विमान चालवून जो भारतीय प्रथम पुरा करील, त्यास 500 पौंडांचे बक्षीस देण्याचे आगाखान ह्यांनी जाहीर केले होते. तिघा तरुणांनी हे आव्हान स्वीकारले. मनमोहन सिंग व अॅस्पी इंजिनिअर हे इंग्लंडकडून भारताकडे येण्यास निघाले; जे. आर. डी. 3 मे 1930 रोजी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. मनमोहन सिंग पोहोचले खरे, परंतु त्यांस एका महिन्याहून अधिक काळ लागला. राहिले दोघे. त्यांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीर येथे पडली. सतरा वर्षांच्या अॅस्पीच्या यंत्रास ठिणगी देणारा प्लग निकामी झाला होता व दुसरा मिळत नसल्याने तो तेथे अडकून पडला होता. जे. आर. डी. ह्यांजजवळ जादा प्लग होता. तो त्यांनी तत्काळ काढून दिला. अॅस्पी पुढे निघाला, कराचीस वेळेत पोहोचला आणि बक्षीस त्यास मिळाले, जे. आर. डी. थोड्या तासांच्या फरकाने मागे राहिले. तोच अॅस्पी इंजिनिअर 1960 साली भारताच्या वायुदलाचा प्रमुख झाला. प्लग दिल्याचा पश्चात्ताप जे. आर. डी. ह्यांस कधीही झाला नाही.

आता मुख्य कार्याकडे वळू. 30 मार्च 1929 रोजी एका ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची असे आठवड्यातून एकदा हवाई टपाल सुरू केले. वाटेत थोडा प्रवास रेल्वेने करावा लागे, तरी लंडनचे पत्र सात दिवसांत कराचीस येऊन पडे. आगबोटीने मुंबईस येण्यास ह्याच्या सुमारे दुप्पट काळ लागत असे. परंतु कराचीच्या पुढे काय? मुंबईचे व मद्रासचे टपाल तेथून रेल्वेवर चढे. कराची आणि मुंबई ह्यांमध्ये कच्छचे रण व समुद्र आडवा असल्यामुळे रेल्वेस मोठा वळसा पडे. अर्ध्या जगावरून उडत आलेले पत्र भारताच्या उंबरठ्यावर येऊन अशा रीतीने रेंगाळत राही.

हा दोष नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका वैमानिकाच्या ध्यानी आला. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. ब्रिटिश वायुदलातील नोकरी संपवून तो भारतात आला होता. कराचीपासून अहमदाबाद, मुंबई व बल्लारी ह्या मार्गाने मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यावे, अशी योजना त्याने टाटांपुढे मांडली. जे. आर. डी. ह्यांनी ती उचलून धरली, आणि वृद्ध दोराबजी टाटा ह्यांनी पीटर्सन ह्या अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून सुमारे दोन लक्ष रुपये घालण्यास संमती दिली. मात्र सरकारदरबारी तीन वर्षे निघून गेली. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले. तेव्हा अनुदान नको, जेवढे टपाल वाहू तेवढ्याचेच भाडे द्या, असे म्हणून टाटांनी धोका आपल्या शिरावर घेतला, आणि 1932 साली करार झाला. त्याच वर्षी जून महिन्यात दोराबजी निवर्तले. ज्या कामास त्यांनी पैसा दिला ते सुरू झालेले पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी जे. आर. डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एकटेच निघाले. विमान 'पस मॉथ' जातीचे, एका यंत्राचे व अगदी लहान होते. ताशी सुमारे शंभर मैल हा त्याचा वेग. त्यात बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. खाली दिसणारी भूमी, हातातील नकाशा व होकायंत्र ह्यांवरच सारी भिस्त होती. बरोबर टपालाच्या थैल्या होत्या. त्यांचे वजन 55 पौंड, म्हणजे आजच्या मापाने 25 किलो. अहमदाबादेस विमान उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून ते विमानात ओतण्यात आले. दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी ते जुहूच्या मैदानात उतरले. तेथून व्हिन्सेंट पुढील टपाल घेऊन मद्रासकडे निघाला, वाटेत बल्लारीस रात्र काढून दुसऱ्या दिवशी तो मद्रासेस पोहोचला. भारतीयांनी चालविलेल्या हवाई टपालाचा आरंभ हा असा झाला.

आमच्या जिज्ञासू विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. कराचीपासून अहमदाबाद सरळ रेषेत सुमारे 365 मैल व अहमदाबादेपासून मुंबई सुमारे 275 मैल. एकूण 640 मैल. ताशी शंभर मैलांच्या वेगाने ह्यास सुमारे सहा तास चोवीस मिनिटे लागावीत. प्रत्यक्ष प्रवास सात तास पंधरा मिनिटांचा झाला. म्हणजे वरची पाऊण तासाहून थोडी अधिक वेळ उतरणे, पेट्रोल भरणे, पुन्हा वर चढणे आणि वाऱ्याचा कमी-अधिक अडथळा ह्यांत गेली. कोणत्याही दोन शहरांमधील विमानप्रवासाचा अवधी काढावयाचा तो असाच: अंतरास वेगाने भागावे आणि त्यात जमिनीवरचा वेळ मिळवावा. पहिला भाग यंत्राच्या हाती असतो. दुसरा भाग मात्र सर्वस्वी माणसांच्या हाती असतो. बैलगाडीवाला पेट्रोल घेऊन वेळेवर आला नसता तर विमानाच्या वेगाचा काही उपयोग झाला नसता. जे. आर. डी. ह्यांनी आयुष्यभर जे केले त्याचे सार ह्या दुसऱ्या भागात आहे.

कारण पहिल्या दिवसाचे उड्डाण करणे एक, आणि आठवड्यामागून आठवडे तेच काम न चुकता करणे निराळे. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात तेथे पाणी साचे व विमान उतरणे अशक्य होई. कोकणचा पाऊस आमच्या परिचयाचा आहे. त्याच्याशी हुज्जत घालून चालत नाही हे आम्ही जाणतो. टाटा मंडळीही ते समजून चुकली होती. म्हणून त्यांनी पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्यास हलविला, परंतु टपाल थांबविले नाही. 1933 ह्या पहिल्या पूर्ण वर्षात त्यांच्या विमानांनी 1,60,000 मैलांचा प्रवास केला आणि टपालाखेरीज 155 उतारूही नेले. त्यांचा नियमितपणा इतका चोख होता की सरकारी हवाई खात्याने आपल्या अहवालात त्याची प्रशंसा केली. 1935 साली मुंबईहून गोवे व कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंत दुसरा मार्ग सुरू झाला. नकाशात पाहिले असता मुंबई व गोवे ह्यांच्या मध्ये आमचाच किनारा पसरलेला दिसेल.

ह्या टपालात काय असे, ह्याचाही विचार करावा. व्यापाऱ्यांच्या हुंड्या व दरपत्रके असत हे खरे. परंतु परदेशी गेलेल्या मुलाचे पत्रही त्याच थैलीत असे. ज्या घरात मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली जाते, त्या घरास उशीर म्हणजे काय हे ठाऊक असते. एक दिवस उशिरा आलेले पत्र वाचणाऱ्यास एक दिवस अधिक काळजीत ठेवते. वक्तशीरपणा हा केवळ व्यवहाराचा नियम नसून वाट पाहणाऱ्या माणसाविषयीची ती दया आहे, असे आम्हांस वाटते.

1938 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. त्यानंतर महायुद्ध आले. 1942 साली युद्धकार्यासाठी प्रवास करीत असता व्हिन्सेंट ज्या विमानात होता ते परत आलेच नाही. ज्याने मूळ कल्पना दिली तो सोबती असा चाळिशीतच नाहीसा झाला. जे. आर. डी. ह्यांनी ते काम पुढे चालविले. 1946 साली त्यांच्या विमान कंपनीस एअर इंडिया हे नाव मिळाले, आणि स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, 8 जून 1948 रोजी, 'मलबार प्रिन्सेस' नावाचे चार यंत्रांचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबून, सुमारे 5,000 मैलांचा मार्ग आक्रमून ते 10 जून रोजी लंडनला पोहोचले. जे. आर. डी. व त्यांच्या पत्नी थेल्मा त्याच विमानात होत्या. लहानपणी ज्या प्रवासास आगबोटीवर आठवडे लागत, तो आता तारखेच्या दोन पानांत उरकला.

पुढे अवधी आणखी घटत गेला. 1960 साली एअर इंडियाने जेट जातीची विमाने घेतली व त्याच वर्षी लंडनच्या पलीकडे न्यूयॉर्कपर्यंत मजल मारली. मुंबई व लंडन ह्यांमधील सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. आजची विमाने वाटेत न थांबता ते साधारणतः नऊ-दहा तासांत तोडतात. येथे एक सावधगिरीची सूचना करतो. लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. म्हणून वेळापत्रकात निघण्याची मुंबईची व पोहोचण्याची लंडनची वेळ पाहून सरळ वजाबाकी केली तर उत्तर चुकते. घड्याळांतील हा फरक आधी जमेस धरावा लागतो.

अंतर असे आटोक्यात आले, पण त्याची किंमतही मोजावी लागली. ज्या 'मलबार प्रिन्सेस'ने लंडनचा मार्ग उघडला, तेच विमान 3 नोव्हेंबर 1950 रोजी आल्प्सच्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले व त्यातील 48 जण मरण पावले. सुमारे पंधरा वर्षांनी, 24 जानेवारी 1966 रोजी, एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान त्याच पर्वतावर कोसळले. त्यातील 117 मृतांत थोर शास्त्रज्ञ डॉक्टर होमी भाभा होते. भाभांच्या संशोधनसंस्थेच्या स्थापनेस जे. आर. डी. ह्यांनीच पाठबळ दिले होते. घाईपेक्षा सुखरूप पोहोचणे श्रेष्ठ, आणि पर्वत व वादळ ह्यांपुढे मनुष्याने नम्रच असावे, हा धडा ह्या दुःखद घटनांतून मिळतो.

1953 साली सरकारने सर्व विमान कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. हा निर्णय जे. आर. डी. ह्यांस मान्य नव्हता आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. तरीही परदेशी जाणाऱ्या विमानांच्या महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारण्याची सरकारने विनंती केली तेव्हा, जे आपल्या मालकीचे राहिले नाही तेही त्यांनी आपल्या लेकराप्रमाणे सांभाळले. स्वतः विमानाने प्रवास करताना ते चहाचा रंग, पडद्यांचे कापड, स्नानगृहाची स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक असे सर्व बारकाईने पाहत आणि परतल्यावर त्यासंबंधी लेखी सूचना धाडीत. एवढ्या मोठ्या उद्योगपतीने एवढ्या क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालावे ह्याचे कित्येकांस नवल वाटे. परंतु मोठे काम लहान लहान गोष्टींचेच बनलेले असते, हे त्यांस त्या बैलगाडीच्या दिवसांपासून ठाऊक होते. फेब्रुवारी 1978 मध्ये त्या वेळच्या सरकारने त्यांस अध्यक्षपदावरून दूर केले. पंचेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर हे घडले. त्यांचे मन दुखावले, पण विमानविद्येवरील त्यांचे प्रेम आटले नाही.

ह्याचे प्रत्यंतर चार वर्षांनी आले. पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1982 रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुनः कराचीस उभे होते. 'लेपर्ड मॉथ' जातीचे तसलेच एक जुने, लहान विमान दुरुस्त करून घेतले होते. त्यात बसून, स्वतः विमान चालवीत, अहमदाबादेवरून ते मुंबईस आले. तरुणांच्या मनात साहसाची आवड पुन्हा जागी व्हावी, हा त्यांचा हेतू होता. ह्या दुसऱ्या प्रवासात मैल तेवढेच होते. एक गोष्ट मात्र निराळी होती. 1932 साली कराची व मुंबई ही एकाच इलाख्यातील शहरे होती. 1947 साली त्या दोहोंमध्ये देशाची सीमा आली, आणि जे शहर विमानाने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते ते कित्येक कुटुंबांस लंडनहूनही दूर झाले. यंत्र अवधी कमी करते, परंतु मनुष्यांमधील वैर तो पुन्हा वाढवू शकते. भूगोलाच्या पुस्तकातील अंतरात ही गोष्ट लिहिलेली नसते.

1992 साली त्यांस भारतरत्न ही पदवी देण्यात आली. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे, एकोणनव्वदाव्या वर्षी ते दिवंगत झाले. ज्या पॅरिस शहरी त्यांचा जन्म झाला होता, तेथेच त्यांचा देह भूमीस अर्पण केला गेला. त्यांनी उभारलेली एअर इंडिया 27 जानेवारी 2022 रोजी पुन्हा टाटांकडे आली. परंतु ते पाहण्यास ते नव्हते.

आमच्या जिल्ह्यात 1998 साली कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीवर आणून ठेविली, आणि 9 ऑक्टोबर 2021 रोजी परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे 350 किलोमीटर आहे. एवढे अंतर 1932 सालच्या त्या लहान विमानानेही सव्वादोन तासांत तोडले असते. ह्यापुढे आमच्या मुलांपैकी कोणी वैमानिक होतील, कोणी यंत्रे दुरुस्त करतील, कोणी तिकिटाच्या खिडकीवर बसतील, कोणी टपालाच्या पिशव्या उचलतील. त्या प्रत्येकाच्या हाती अवधीचा काही वाटा राहील. पृथ्वीवरील मैल परमेश्वराने नेमून दिले आहेत. ते आपल्याने कमी होणे नाही. परंतु दिलेली वेळ पाळणे, अडलेल्या सोबत्यास जवळची जादा वस्तू काढून देणे, आणि कोणी तरी आपली वाट पाहत आहे हे न विसरणे, एवढे आपल्या हाती आहे. जे. आर. डी. टाटा ह्यांनी ते केले. आमच्या विद्यार्थ्यांकडूनही ते घडो, अशी आम्ही इच्छा करतो.